अकरा वाक्यांची आई

शेवटी बाईंच्या जागी माझा लॅपटॉप लागला. एवढं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडे आशेने बघायला नको. आता हे वाक्य विसरून जा. मीही विसरतो. असं समजू की तसलं काही झालंच नाही, बाई नाटकाच्या बसमध्ये पहिल्या सीटवर बसल्या आहेत, मांडीवर जेवणाचा डबा आहे, आणि ड्रायव्हरने वळण जोरात घेतलं म्हणून त्या त्याच्या घराण्याची शांतपणे चौकशी करताहेत.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. नाटकाचं नाव ‘आई आत आहे’. मी त्यात संगीत द्यायचो, म्हणजे योग्य वेळी लॅपटॉपची कळ दाबायचो. वय चोवीस. ध्वनिशास्त्राची पदविका होती, पण ती कुणी बघायला मागितली नाही. बाई मला ‘पेटीमास्तर’ म्हणायच्या. त्यांच्या काळात नाटकात जे वाजायचं ते पेटीतून वाजायचं, त्यामुळे त्यांच्या हिशेबी लॅपटॉप ही पेटीच होती, फक्त भाता नसलेली.

बाई म्हणजे चित्रलेखा मांद्रेकर. हे सिनेमावाल्यांनी ठेवलेलं नाव. मूळच्या सुभद्रा. चौदाव्या वर्षी मांद्र्याहून एका फिरत्या नाटक कंपनीत आल्या, बारा वर्षं गाणाऱ्या नायिका होत्या. मग सिनेमे केले चौदा. त्यातल्या नऊ सिनेमांत त्या मध्यंतराच्या आधीच वारल्या. चार वेळा क्षयाने, तीनदा बाळंतपणात, एकदा विहिरीत आणि एकदा गैरसमजाने. मग पुन्हा रंगभूमीवर येऊन आयांच्या भूमिका केल्या, आणि शेवटी आमच्या नाटकातली ही आई.

आमच्या नाटकात तीन मुलगे आणि एक सून बाहेरच्या खोलीत बसून आईला कुणी सांभाळायचं यावर दोन तास भांडतात. आई पडद्याआड, आतल्या खोलीत. ती अधूनमधून आतून बोलते. मुळात शेवटच्या प्रवेशात ती पडदा सारून बाहेर यायची आणि टाळ्या पडायच्या. पंचेचाळिसाव्या प्रयोगाला बाई रंगपटाच्या पायरीवरून घसरल्या आणि खुबा मोडला. तीन महिन्यांनी वॉकर घेऊन परत आल्या, पण वॉकर घेऊन आई बाहेर आली तर लोक नाटक सोडून वॉकरकडे बघतील, असं दिग्दर्शकाचं मत पडलं. म्हणून आईने बाहेर यायचंच नाही असं ठरलं. समीक्षकांना ते फार आवडलं. न दिसणारी आई हे कसलं विलक्षण प्रतीक आहे, यावर दोन लेख आले. मोडलेल्या खुब्याचं प्रतीक झालेलं मी तेवढं एकच पाहिलं.

तेव्हापासून दीडशेवर प्रयोग बाई विंगेत माझ्या शेजारी खुर्चीवर बसून बोलत होत्या. समोर माइक, माइकची वायर माझ्या मिक्सरमध्ये. एकूण वाक्यं अकरा. त्या अकरा वाक्यांसाठी त्या प्रयोगाच्या दीड तास आधी रंगपटात जायच्या. पूर्ण रंगभूषा, नऊवारी, गजरा, कपाळावर जखमेएवढं कुंकू. त्यांना बघणारा मी एकटा, आणि मीही बहुतेक वेळ पडद्याकडे बघत असायचो. मी एकदा म्हणालो होतो की बाई, गाऊनवर बसलात तरी आवाज तोच येईल. त्यावर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. प्रयोग संपला की बाकीचे नट पुढे जाऊन वाकायचे, तेव्हा बाई विंगेतच वॉकर धरून उभ्या राहायच्या आणि वाकायच्या. समोर मी आणि आग विझवायची वाळूची बादली. बादलीच्या बाजूला जरा जास्त वाकायच्या असा माझा संशय आहे.

त्या दिवशी आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका गावात होतो. चार वाजताचा प्रयोग. सकाळी दहाच्या सुमाराला निर्माते खोतसाहेब स्वतःच्या गाडीने येऊन हजर झाले. खोतसाहेब दौऱ्यावर आले की कुणाची तरी एक्झिट असते, हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे आपापली कामं जास्त मन लावून करायला लागले. त्यांनी मला बसच्या मागे बोलावलं.

अमेरिकेचा दौरा ठरला होता. अकरा शहरं, मराठी मंडळांचे प्रयोग. तिकडच्यांनी माणसं नऊच मागितली होती. यादी उद्या सकाळी कळवायची होती. आमच्यात माणसं दहा. खोतसाहेबांनी सगळं बोटांवर मोजून दाखवलं आणि अंगठा उरवला.

“साळवी, आवाजाला व्हिसा लागत नाही,” ते म्हणाले.

मग त्यांनी नीट समजावलं. ते वाईट माणूस नव्हते, म्हणजे समजावणारे होते. बाईंचं वय त्र्याहत्तर, खुबा असा, विमानात सोळा तास बसणार कशा. डॉक्टर काय म्हणेल. शिवाय बाई प्रेक्षकांना दिसत तर नाहीतच. तू त्यांची अकरा वाक्यं आज रेकॉर्ड कर. चांगली झाली तर प्रश्न मिटला. नाही झाली, तर मग नाटकातल्या शेजाऱ्याचं छोटं पात्र कापावं लागेल आणि त्याच्या जागी बाईंना न्यावं लागेल, कारण आईच्या आवाजाशिवाय नाटक उभं राहत नाही हे त्यांनाही कळत होतं. बाईंना काय सांगू, असं मी विचारलं. ते म्हणाले, बॅकअप म्हण. घसा बसला तर असावं म्हणून.

मी बाईंना तसंच सांगितलं. त्या विंगेत बसून वाती वळत होत्या. हातातली वात पूर्ण वळून झाल्यावर म्हणाल्या, “अर्धा तास दे. तोंड रंगवून येते.”

सकाळी अकरा वाजता, रिकाम्या नाट्यगृहात, पूर्ण रंगभूषेत त्या खुर्चीवर येऊन बसल्या. मी म्हटलं, बाई, सुरुवात करा, पहिलं वाक्य. त्या गप्प. मी पुन्हा म्हटलं. त्या म्हणाल्या, मला कुणी काही विचारल्याशिवाय मी उत्तर कसं देऊ? आता रीतसर संवाद द्यायला कलाकारांना बोलवावं, तर खोतसाहेबांची गाडी हलत नाही असं बघून सगळे एव्हाना बाजारात पसार झालेले. त्यामुळे तीन मुलगे, एक सून आणि एक शेजारी अशी पाचही पात्रं मी वाचली. सुनेच्या तिसऱ्या वाक्याला बाईंनी हात वर केला.

“सून अशी बोलत नाही.”

“बाई, रेकॉर्डिंग तुमचं आहे.”

“असू दे. माझ्या घरात असली सून मी खपवून घेणार नाही.”

मग मी सूनपण नीट केली. पण खरी पंचाईत पुढेच होती. सातव्या वाक्यावर आमच्या नाटकातला सगळ्यात मोठा हशा यायचा. मुलं आईच्या बांगड्यांबद्दल कुजबुजत असतात आणि आतून आवाज येतो, “मी म्हातारी आहे, बहिरी नाही.” बाईंनी वाक्य टाकलं आणि थांबल्या. समोर आठशे बारा रिकाम्या खुर्च्या. बाई त्या खुर्च्यांकडे बघत थांबल्याच. मी पुढचं वाक्य वाचलं तर त्यांनी मला दटावलं की लोकांचं हसून होऊ दे. मी म्हणालो, लोक नाहीत. त्या म्हणाल्या, म्हणून त्यांना हसू द्यायचं नाही का?

चाळीस मिनिटांनी आम्ही ऐकलं. आवाज म्हणजे एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखा होता. आई मुलांना जेवलास का विचारत होती की विनाथांबा गाडी फलाट चारवर लागली आहे हे सांगत होती, ते कळत नव्हतं. मी पुन्हा घेतलं. ते आणखी वाईट. तिसऱ्यांदा तर त्या अडखळल्या, ज्या वाक्यांवर त्या गेली तीन वर्षं एकदाही अडखळल्या नव्हत्या. खोतसाहेबांनी तिन्ही ऐकली आणि शेजाऱ्याचं काम करणाऱ्या बिचाऱ्याच्या नावावर पेन्सिलीने बारीकशी खूण केली. म्हणाले, प्रयोगानंतर बघू.

मला मनातून बरं वाटलं. माझं काम बिघडल्याचा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

दुपारी बाईंनी मला विंगेतच जेवायला बसवलं. त्यांच्या डब्यात भात, सुक्या जवळ्याची चटणी आणि छोट्या बाटलीत सोलकढी. रंगभूषा बिघडू नये म्हणून त्या घास तोंडात उंचावरून टाकायच्या. मी म्हणालो की सकाळचं मनावर घेऊ नका, माइकसमोर भल्याभल्यांचा आवाज पडतो.

त्या म्हणाल्या, “माझा नाही पडत.”

आणि मग त्यांनी सांगितलं. सिनेमात मरणं बंद झाल्यावर दहा वर्षं त्या दुसऱ्या नट्यांसाठी आवाज द्यायच्या. नट्या नवीन, दिसायला छान, पण बोलायला लागल्या की निर्माता घामाघूम. विशेषतः रडायला. तेव्हा बाईंना बोलावलं जायचं. पडद्यावर डोळे दुसरीचे आणि हुंदका बाईंचा. पाच नट्यांसाठी त्या रडल्या. एकदा एका हरिणीसाठीसुद्धा, कारण हरिणीचा आवाज निर्मात्याला पुरेसा केविलवाणा वाटेना. त्या हरिणीचं तेव्हा फार कौतुक झालं.

“माइकपुढे कसं वाईट बोलायचं तेसुद्धा कळायला लागतं रे, पेटीमास्तर,” बाई म्हणाल्या. “सकाळी घाम निघाला माझा.”

म्हणजे तीन वेळा केलेला तो सगळा सत्यानाश हा अभिनय होता. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? त्या म्हणाल्या, खोत दौऱ्यावर आला आणि माझ्या पाया पडला. एवढं पुरेसं नाही का?

मी म्हणालो, बाई, पण सोळा तासांचा प्रवास. खरंच झेपेल का? तिकडे थंडी. इथे घरी आराम तरी होईल.

त्यावर त्या हसल्या नाहीत किंवा चिडल्याही नाहीत. बाटलीचं झाकण लावत म्हणाल्या, “ह्या नाटकात माझा थोरला, निशिकांत, मला विचारतो, आई, जेवलीस का. मी म्हणते, तू जेवलास का ते आधी सांग. अशी अकरा वाक्यं. प्रयोग असतो त्या दिवशी मी अकरा वाक्यं बोलते.”

“आणि नसतो त्या दिवशी?”

“दूधवाल्याला म्हणायचे, अर्धा लिटर. आता तो पिशवी कडीला अडकवून जातो.”

मग त्यांनी डबा धुवायला माझ्याकडे दिला आणि डोळे मिटून खुर्चीत टेकल्या. संभाषण संपलं होतं. डबा धुताना माझ्या डोक्यात एक कल्पना आली. पुढचं सगळं त्या कल्पनेमुळे झालं, त्यामुळे ती नीट सांगतो.

कल्पना अशी. बाईंचं शेवटचं वाक्य. नाटकाच्या अखेरीला सगळे निघून जातात, फक्त थोरला मुलगा उरतो. तो पडद्यापाशी येतो, हात पडद्यावर ठेवतो आणि विचारतो, “आई, येऊ आत?” मग शांतता. मग आई म्हणते, “ये. पण एकटा ये.” ती मधली शांतता बाई दर प्रयोगाला वेगळी घ्यायच्या. कधी तीन सेकंद, कधी आठ. लोक किती गप्प आहेत, कोण नाक ओढतंय, निशिकांतच्या हाताखाली पडद्याच्या कड्या किती वाजताहेत, हे सगळं ऐकून ठरवायच्या. निशिकांत पन्नाशीचा मुरलेला नट, पण त्या क्षणी त्याला खरोखर ठाऊक नसायचं की आई उत्तर देणार आहे की नाही. ही शांतता कुठलं यंत्र देणार? मी ठरवलं की आजच्या प्रयोगात बाईंचा आवाज गुपचूप रेकॉर्ड करायचा आणि खोतसाहेबांना ऐकवायचा. म्हणजे त्यांना कळेल की हे रेकॉर्ड होऊ शकत नाही.

हे वाक्य मी तेव्हा मनात तीन-चारदा म्हणून पाहिलं होतं. एकदाही त्यात काही खटकलं नाही. पदविकेला मला पहिला वर्ग होता.

चार वाजता तिसरी घंटा झाली. नाट्यगृह भरलेलं. बाईंच्या माइकची वायर मिक्सरला होतीच, मी फक्त एक कळ जास्त दाबली.

त्या दिवशी बाई जशा बोलल्या तशा मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. सकाळी वाईट बोलून साचलेलं सगळं चांगलं त्यांनी दुपारी खर्च केलं असावं. “कोण आलंय?” या पहिल्याच दोन शब्दांना लोक हसले, आणि हसता हसता गप्प झाले. सातव्या वाक्याला हशा इतका लांबला की सुनेने दोनदा तोंड उघडून मिटलं. बाई खुर्चीत टेकून, अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी तो हशा ऐकत होत्या, एखादं माणूस उन्हात बसतं तशा.

आणि शेवट. निशिकांतने पडद्यावर हात ठेवला. “आई, येऊ आत?”

बाई थांबल्या. पाच सेकंद. आठ. माझी नजर लॅपटॉपच्या घड्याळावर. दहा. निशिकांतची मान जराशी वळली, जे दिग्दर्शनात नव्हतं. बारा. तिसऱ्या-चौथ्या रांगेतून एक बाई मोठ्याने म्हणाली, “अहो, येऊ दे ना त्याला.” कुणी हसलं नाही. बाईंनी तेवढंही पुरतं विरू दिलं. मग अगदी हळू म्हणाल्या, “ये. पण एकटा ये.”

पडदा पडला. पुढे टाळ्या चालू झाल्या. बाई उठून बादलीला आणि मला वाकल्या. मीही वाकलो. मला खात्री होती की बाई अमेरिकेला चालल्या.

खोतसाहेब रंगपटात एकटेच बसले होते, यादी पुढ्यात. मी लॅपटॉप उघडून ठेवला. म्हणालो, साहेब, हे ऐका म्हणजे समजेल, असलं रेकॉर्डिंगमध्ये कधी येत नाही. आणि लावलं.

त्यांनी अकराही वाक्यं ऐकली. शेवटची शांतता ऐकताना पेन्सिल खाली ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी खोटं सांगणार नाही. रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला.

“आलंय की,” ते म्हणाले.

मी म्हणालो, नाही साहेब, म्हणजे आज असं आलं, पण रोज प्रेक्षक वेगळे, रोज शांतता वेगळी. ते म्हणाले, हीच ठेवू. चौदा सेकंद. उत्तम आहे. निशिकांतला मोजायला सांगू. मी म्हणालो, यात मागे हशा ऐकू येतोय. ते म्हणाले, तो तर राहूच दे, तिकडे लोक हसले नाहीत तरी अडायला नको. मग थोडं पुढे वाकून त्यांनी विचारलं, “ती मधली बाई बोलते, येऊ दे ना त्याला. ती काढता येईल?”

“येईल,” मी म्हणालो.

आमच्या धंद्यात प्रश्न तांत्रिक असला की माणूस खरं बोलून बसतो. नंतर मी हजार वेळा त्या जागी ‘नाही येणार’ बसवून पाहिलं आहे. अगदी चपखल बसतं.

तेवढ्यात वॉकरचा आवाज आला. बाई दारात उभ्या होत्या. हातात खोबरेल तेलाची बाटली, अर्ध्या चेहऱ्याचा रंग उतरलेला. आपला आवाज ऐकून कुणीतरी बोलावतंय असं वाटून त्या आल्या होत्या. खोतसाहेब उठून उभे राहिले. त्यांना खुर्ची दिली. म्हणाले, बाई, तुम्हीच सांगा, हे कसं झालंय. तुम्ही म्हणाल तसं करू.

हे मी पुन्हा सांगतो, कारण पुढे लोकांनी खोतसाहेबांना फार दोष दिला. ते खरंच म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं. बाईंनी फक्त एक शब्द म्हणायचा होता. वाईट. सकाळी तीन वेळा त्यांनी तो घाम गाळून सिद्धही केला होता.

मी पुन्हा लावलं. बाई ऐकत राहिल्या. सातव्या वाक्याला त्यांची भुवई हलली. शेवटच्या शांततेत त्यांनी डोळे मिटले, आणि मला दिसलं की त्यांचे ओठ मिटून वाट बघताहेत, जणू त्यांनाही ठाऊक नव्हतं की ती आतली आई उत्तर देणार आहे की नाही. मग ते वाक्य आलं. त्यांनी डोळे उघडले.

“सातव्याला थोडी घाई झाली,” त्या म्हणाल्या. “बाकी चांगलं झालंय.”

खोतसाहेबांनी शेजाऱ्याच्या नावावरची खूण खोडली. खोडरबर इतक्या जवळ कसं होतं, कोण जाणे. बाईंनी तेलाचा बोळा गालावरून फिरवला आणि जाताना मला म्हणाल्या, पेटीमास्तर, वॉकर जरा धर. गाडीपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. त्या दिवशीची अकरा झाली होती.

अमेरिकेचा दौरा गाजला. परत आल्यावर बाईंना बोलवायचं असं ठरलं होतं, पण निशिकांतला चौदा सेकंदांची सवय झाली होती आणि बाईंच्या जागी बसमध्ये आता स्पीकर ठेवायला लागले होते. कुणी नाही म्हणालं नाही. फक्त फोन करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. माझ्याही.

दोन वर्षांनी मुंबईच्या उपनगरात दुपारचा प्रयोग होता. पहिली दोन वाक्यं झाली आणि मला आवाजात काहीतरी गडबड वाटली. बाईंचा आवाज दोनदा येत होता. स्पीकरमधून एकदा, आणि त्याच्या किंचित आधी कुठूनतरी बारीक. प्रतिध्वनी मागून येतो, हा पुढे येत होता. मी वायरी तपासल्या. मिक्सर तपासला. चौथ्या वाक्याला तो पुन्हा आला, तेव्हा माझी खात्री पटली की यंत्र ठीक आहे, प्रेक्षागृहात कुणीतरी मोबाइलवर आमचं जुनं रेकॉर्डिंग लावून बसलंय. मी डोअरकीपरला निरोप पाठवला की सहाव्या-सातव्या रांगेतून त्रास होतोय, बघा. नवव्या वाक्यापासून आवाज एकच यायला लागला. स्वच्छ. मला माझ्या कानाचं कौतुक वाटलं.

प्रयोग संपल्यावर डोअरकीपर सांगायला आला.

“मोबाइल नव्हता. एक आजी होत्या, काठीवाल्या. नटांना उत्तरं देत होत्या.”

मी विचारलं, म्हणजे काय.

“म्हणजे तिकडून त्याने विचारलं आई जेवलीस का, की ह्या इथून बोलणार. आजूबाजूचे वैतागले. मी दोनदा सांगितलं, आजी, तो त्याच्या आईला विचारतोय, तुम्हाला नाही. मग बाहेर नेऊन बसवलं. छान रंगरंगोटी करून आल्या होत्या हो. गजरा वगैरे.”

मी बाहेर धावलो. बाकड्यावर कुणी नव्हतं. शेवटच्या वाक्याच्या आधीच त्या रिक्षात बसून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जायचं ठरवलं, त्या दिवशी आम्हाला नाशिकला निघायचं होतं. नंतरच्या आठवड्यात ठरवलं. बाई वारल्याची बातमी चार ओळींची होती. मी ती बसमध्ये वाचली, स्पीकरच्या मागच्या सीटवर.

नाटक अजून चालू आहे. कळ मीच दाबतो. गेल्या महिन्यात उपनगरातल्या त्याच नाट्यगृहात प्रयोग होता तेव्हा मी कार्यालयात एक अर्ज दिला. तिथल्या कारकून बाईंनी तो दोनदा वाचला, मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि आवक क्रमांक द्यायचं नाकारलं. म्हणून तो इथे देतो.

प्रति, मा. व्यवस्थापक यांसी.

विषय: प्रयोग चालू असताना प्रेक्षागृहातून बोलण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय, आपल्या तिकिटाच्या मागे छापलेल्या नियम क्रमांक चारनुसार प्रयोग चालू असताना प्रेक्षकांस बोलण्यास मनाई आहे. सदर नियमातून एका प्रेक्षकास सूट मिळावी. सदर प्रेक्षक फक्त विचारल्यासच बोलतील व एकूण अकरा वाक्यांपेक्षा अधिक बोलणार नाहीत. यापूर्वी नवव्या वाक्याच्या आधीच त्यांना निम्नस्वाक्षरीकाराच्या तक्रारीवरून बाहेर नेण्यात आले होते, ती तक्रार याद्वारे मागे घेण्यात येत आहे. सदर प्रेक्षक आता हयात नसल्याने शेजारच्या आसनांस उपद्रव होणार नाही, याची हमी देतो. तरी, अखेरच्या प्रवेशात रंगमंचावरून आत येण्याची परवानगी मागितली गेल्यास, ध्वनिक्षेपकावरील उत्तर चौदा सेकंदांनी न लावता, सदर प्रेक्षकांचे उत्तर येईपर्यंत पडदा, दिवे व नाट्यगृह आहे त्या स्थितीत राखून ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती.